तारखांचा कारकून

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी
जमीन हलली नाही.
एवढंच ठरवलं आम्ही.
सतराशे पंचावन्न, नोव्हेंबरची पहिली तारीख,
लिस्बनची सगळी चर्चेस माणसांनी भरलेली,
आणि जमीन नाही हलली.
त्या दिवशी जे गेले,
ते आमच्याकडे दुपारी घरी जेवायला गेले.
बाकी सगळं त्याच्या पुढचं.

आत्याबाईला मिशा असत्या तर, म्हणून लोक हसतात.
हसू देत.
आम्ही चौघं चार वर्षं रोज रात्री, आपापल्या स्क्रीनपाशी,
त्या मिशा विंचरतो आहोत.
तेल्मुकडे राजा.
अबीलिउकडे आरमार
(तो दातांचा डॉक्टर, जहाजं फार जपून बुडवतो).
इरिया अझोरेसमध्ये बसून ब्राझीलचं सोनं मोजते.
मी कुणीच नाही. तारखांचा कारकून.
कासिल्यासच्या फेरीबोटीवर तीस वर्षं तिकिटं फाडली,
आता वर्षं फाडतो.

ग्रासिंदा आली ती रात्री अडीचला,
अल्माडाच्या बेकरीतून, पाव भट्टीत असताना.
"मला इतिहास येत नाही. चालेल?"

चालेल, मी लिहिलं.
सगळं वाचू नकोस, गुदमरशील.
पहिलं पान वाच आणि शेवटची दहा.
देश मागू नकोस, देश संपले.
एखादी गल्ली घे,
जिथला वास तुला ठाऊक आहे अशी.
दुसऱ्याचं माणूस मारायचं तर आधी त्याला विचार,
स्वतःचं मारायचं तर दोन दिवस थांब.
आणि आपली पाळी झाली की हात मागे घे.
हे शेवटचं सगळ्यांनाच जड जातं.

पहिल्याच पाळीत तिनं बंदरावर आगगाडी आणली.
छप्पन साली!
तेल्मु खवळला.
अबीलिउनं नुसतं "हं" लिहिलं. त्याचं हं वाईट असतं.
मी आगगाडी खोडली, तिला नाही खोडलं.
सांगितलं, रेघ तशीच राहू दे,
वर बघ, आमच्याही आहेत,
तेल्मुनं एकदा राजाला मनगटी घड्याळ घातलं होतं.

मग नऊ रात्री ती नुसतीच वाचत राहिली.
दहाव्या रात्री:
"त्या मेणबत्त्यांचं काय झालं?"
कुठल्या?
"सणाच्या. खऱ्या दिवशी त्या पडल्या, शहर जळलं.
तुमच्याकडे पडल्याच नाहीत.
मग विझवल्या कुणी?"

चार वर्षांत आम्ही दोन युद्धं लढलो होतो,
एक तह, राजकन्येचं लग्न तीनदा मोडलं,
आणि मेणबत्त्या
तशाच जळत होत्या.

तिनं ब्रिझिदा नावाची बाई आणली.
प्रार्थना संपली की ज्योती चिमटणारी,
फरशीवरचं मेण सुरीनं खरवडून
ओच्यात घेणारी, वजनावर विकणारी,
मापात थोडं मारणारीसुद्धा.
पुढच्या आठवड्यात मेणाचा भाव चढला,
शिडं शिवणाऱ्यांना दोऱ्याला घासायला मेण मिळेना,
आरमार दोन दिवस बंदरात अडकलं.
"हं," अबीलिउनं लिहिलं.
हे हं वेगळं होतं.

एकदा इरिया पाळी नसताना बोलली.
शहर पडलं नाही, म्हणून ते सरळ रस्ते झालेच नाहीत.
आणि त्या सरळ रस्त्यांपैकी एकावर
माझ्या आजोबांचं बटणांचं दुकान होतं.
आम्ही सगळे गप्प.
कुणाचे प्राण वाचवताना
कुणाचं दुकान गेलं, याची नोंद
माझ्या वहीत नव्हती.

पहाटे कधीतरी ग्रासिंदाची ओळ आली:
"ब्रिझिदाच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे.
अंधारी आहे, पण बटणं मावतील."

काल कोइंब्राचा एक मुलगा आला.
"मला इतिहास येतो," म्हणाला.
मी त्याला ग्रासिंदाकडे पाठवलं.
तिनं लिहिलं,
थांब, पाव काढून येते,
तोवर शेवटची दहा पानं वाच.